पक्का मुहूर्त, ओला रोल

मागच्या महिन्यात माझ्या भावाच्या नातवानं, अथर्वनं, त्याच्या कंपनीची एक चकचकीत पुस्तिका आणून माझ्या हातात ठेवली. अमरावतीला एमआयडीसीत त्याचा कारखाना आहे, डाळ निवडणारी मशीन बनवतात. कारखाना हा शब्द मात्र त्याला आवडत नाही. स्टार्टअप म्हणायचं. तिथं मालक नसतो, फाउंडर असतो. कामगार नसतात, टीम असते. आणि लोखंडाचा भुगा पायाला टोचला तरी तो स्टार्टअपचा भुगा असतो. तर त्या पुस्तिकेत 'आमचा वारसा' नावाचं एक पान होतं. वर माझ्या दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा फोटो, आणि खाली छापलेलं की आमच्या पणजोबांनी अकोल्याच्या एका गॅरेजमधून सुरुवात केली. मी म्हटलं, "काहून रे, गॅरेज कोठून आणलं? गॅरेजले गाडी लागते. आपल्या घरी एक सायकल होती, तेही काकाची, अन् तिले ब्रेक नव्हता." तर म्हणे, "आजी, सगळ्या कंपन्या गॅरेजमधूनच सुरू होतात." असं असेल बाप्पा. त्या पानावर दादा आहेत, माझा भाऊ आहे, भावाचा मुलगा आहे आणि हात बांधून उभा असलेला अथर्व आहे. मी नाही. मुद्दाम गाळलं असं मी म्हणणार नाही. मला त्यात कोणी कधी घातलंच नव्हतं, तर गाळणार काय? म्हणून म्हटलं, पहिली मशीन झाली त्या उन्हाळ्याचं आपणच लिहून ठेवावं. माझं शिक्षण दहावीपर्यंतचं, पुढचं सगळं पुड्यांचे कागद वाचून झालेलं, त्यामुळे भाषेकडे फार पाहू नका.

आम्ही तेव्हा जठारपेठेच्या मागच्या अंगाला राहत होतो. दोन खोल्या, पुढं ओसरी आणि मागं टिनाचं शेड. शेडात दादांचं लेथ मशीन. दादा कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. ती जिनिंग बंद पडली तेव्हा तिथलंच जुनं लेथ त्यांनी बैलगाडीत घालून घरी आणलं, जसं एखाद्यानं म्हातारी आत्या आणावी. त्या लेथचा पट्टा दर फेऱ्याला फट् करून वाजायचा. फट्, फट्, फट्, दिवसभर. आमच्या घरात गप्पा त्या दोन फटांच्या मधल्या जागेत व्हायच्या. पाहुणे आले की म्हणायचे, तुमची माणसं अशी तोडून तोडून काहून बोलतात? सकाळी आई भाकरी थापायची तेही त्याच ठेक्यावर, आणि लेथ एखादे दिवशी बंद असलं तर तिच्या भाकरी वाकड्या व्हायच्या. ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा, वर कच्चं तेल. त्या तेलाला लेथच्या तेलाचा वास लागायचा की लेथच्या तेलाला त्याचा, ते आजही सांगता यायचं नाही.

दादांना मशीनशी बोलता यायचं. माणसांसाठी घरात काका होता. काका, म्हणजे दादांचा धाकटा भाऊ, कचेरीबाहेर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहायचा. त्यामुळे त्याची सगळी भाषा अर्जाची. आईकडे चहा मागायचा तरी असं वाटायचं की आता खाली सही करेल. एके दिवशी तो घरी आला आणि म्हणाला, लोकांच्या तक्रारी लिहून हात दुखले, आता आपण उद्योजक होणार. कल्पना वाईट नव्हती, हे मी आज कबूल करते. तेव्हा केलं असतं तर तो आणखी फुगला असता. गावातल्या माणसानं तूर बाजारात विकायची आणि तिचीच डाळ बाजारातून विकत आणायची, असा सगळा प्रकार. काकाचं म्हणणं, डाळ करायची एक लहान मशीन बनवू, जी गावातच बसेल. दादांनी मान डोलावली, म्हणजे त्यांच्या हिशोबानं भाषण केलं. दुसऱ्या दिवशी काकानं पत्रक लिहिलं. मशीनचा एक बोल्टही अजून झाला नव्हता, पण पत्रकात ती 'वऱ्हाडचे भाग्य उजळविणारी' होती. अथर्वही असंच करतो. त्याच्या नव्या मशीनचा व्हिडिओ आधी येतो, मशीन मागाहून. मी विचारलं तर म्हणाला, आजी, ह्याला प्री-लाँच म्हणतात. आमच्या काळी ह्याला काका म्हणत.

मशीनचा जीव असतो तिच्या रोलमध्ये. लोखंडाचं एक पिंप, त्याच्यावर एमरीचा खरखरीत लेप. एमरी म्हणजे दगडाची काळी कडक भुकटी. तिच्यात एक पांढरी पूड आणि खारट पाणी कालवून तो गारा पिंपावर चढवायचा. पिंप फिरतं, तूर त्याच्यावर घासते, साल निघते. सांगायला इतकंच. पण तो लेप सगळीकडे सारखा बसावा लागतो, नाहीतर एका बाजूला तुरीचं पीठ होतं आणि दुसऱ्या बाजूनं तूर जशी गेली तशीच बाहेर येते, वर हसते. दादांनी आणि तुळशीराम मिस्त्रीनं तीनदा रोल भरला. तिन्ही वेळा जोड दिसले, भेगा पडल्या. तुळशीराम मिस्त्री जिनिंगपासून दादांसोबत होता, तो थापीनं गारा लावायचा, भिंत बांधतात तसा. मी चहा घेऊन गेले होते. उभी राहून पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं, "मिस्त्रीकाका, पयला थर सुकल्यावर दुसरा काहून लावता? ओल्याले ओलं लागलं पायजे ना."

मिस्त्री म्हणाला, "घे बाप्पा, आता चहावाली शिकवते."

दादांनी मात्र थापी खाली ठेवली आणि मला म्हणाले, "दाखव."

त्यात माझी काही हुशारी नव्हती. सात वर्षांची होते तेव्हापासून घर सारवत होते. सारवताना हात ओला ठेवायचा, तळव्यानं अर्धा गोल घ्यायचा, पहिल्या गोलाची कड सुकायच्या आत दुसरा तिच्यावर चढवायचा, आणि मधे उठायचं नाही, दारात कोणी आलं तरी. आई म्हणायची, मधे उठलीस तर जमिनीवर तुझी सही राहते. तोच हात मी नमुन्याच्या एका रोलवर फिरवला. तळवा सोलून निघाला, एमरी काही शेण नव्हे. पण वरून सुकल्यावर दादांनी त्या रोलवर डोळे मिटून बोटं फिरवली आणि त्यांना जोड सापडला नाही. दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना माझ्या हाताला लावायला एरंडेलाची बाटली घेऊन आले.

त्या दिवसापासून मी शेडात. पण मागच्या दारानं. काकाची अट होती: गिऱ्हाइकासमोर यायचं नाही. "पोट्टीनं रोल भरला असं कळलं तं मशीन कोन घेईन वं?" विचारलं कोणी तर रोल तुळशीराम मिस्त्री भरतो. मिस्त्रीनंही चार दिवसांत ते इतकं मनावर घेतलं की मलाच सांगायला लागला, रोल कसा भरायचा. आईची अट वेगळी. मशीनचं उद्घाटन झालं की हे हात काळे करणं बंद, आणि मी अमरावतीला आत्याकडे शिवणक्लासला जायचं. आत्यानं नावही घालून ठेवलं होतं. मला शिवणाचा राग नव्हता. पण रोलचा गारा तळव्याखाली जागेवर बसताना जो आवाज येतो, ओल्या वाळूवरून मांजर चालल्यासारखा, तो एकदा ऐकला की मग काजं-बटणं करायला बसवत नाही. उद्घाटन जसं जवळ येत होतं तसे घरात सगळे खूश होत होते, आणि मला एकटीला ते लांबावं असं वाटत होतं.

गिऱ्हाईक एकच होतं, पण मोठं. गफूरशेठ. अकोल्यातले धान्याचे व्यापारी, पांढरी दाढी, आवाज इतका हळू की लेथ बंद करावं लागे. पहिली मशीन नीट चालली तर चांदूर बाजारकडच्या गावांमध्ये बसवायला आणखी घेतो, असं ते बोलून गेले होते. काका त्यावर तीन दिवस झोपला नाही, आणि मग थेट भटजींकडे जाऊन मुहूर्त काढून आणला. अक्षय्य तृतीया. सकाळचा. साडेतीन मुहूर्तांपैकी एक म्हणे तो. त्या दिवशी सुरू केलेलं अक्षय्य चालतं.

अडचण एवढीच होती की त्या मशीनचा खरा रोल मी त्याच दिवशी भरून हात धुतले होते आणि तृतीया पाच दिवसांवर आली होती. एमरीच्या पोत्यासोबत एक चिठ्ठी यायची, तिच्यावर लिहिलेलं: सावलीत दहा दिवस. काकानं आयुष्यात जगातले सगळे कागद वाचले, ही चिठ्ठी सोडून. मी ती त्याच्यासमोर धरली. त्यानं ती उलटी करून मागं काही आहे का पाहिलं आणि म्हणाला, "हे कुठल्या थंड गावचं लिहेल हाय. अकोल्याचं ऊन हाय, पोरी! दहा दिवसाचं काम चार दिवसांत होते." आणि रोल उचलून उन्हात ठेवला.

"काका, उन्हात सुकलेलं सारवण पोपडे धरते."

"थे शेण हाय. हे टेक्नॉलॉजी हाय."

हा शब्द आमच्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा आला. माझ्या मनात त्याचा अर्थ तेव्हा जो बसला तो अजून फारसा बदललेला नाही: न ऐकायचं कारण. चौथ्या दिवशी मी रोलला टिचकी मारून पाहिली. वरून कोरडा ठणठणीत दिसत होता आणि आवाज आला भद्द. पिकलेल्या टरबुजासारखा. दादांना सांगितलं. त्यांनीही टिचकी मारली, माझ्याकडे पाहिलं, मग काकाकडे. काका मांडववाल्याशी बोलत होता. दादा परत लेथकडे गेले. माझ्या बापाला मी एकाच गोष्टीसाठी बरीच वर्षं मनात बोल लावला, ती ही.

उद्घाटनाला काकानं कोणाला बोलावलं नव्हतं ते सांगणं सोपं. हेडमास्तर होते, दोन वकील होते, भटजी तर होतेच, आणि गफूरशेठ. नारळ फुटला, मशीनला झेंडूचा हार. काकानं भाषण केलं, त्यात 'सविनय' चार वेळा आलं. मग दादांनी पट्टा चढवला आणि मशीन सुरू झाली. मी शेडाच्या मागं, पत्र्याच्या फटीला डोळा लावून. आधीच तेल-पाणी देऊन वाळवून ठेवलेली तूर वरून घातली, आणि खालून पिवळीधम्मक डाळ पडायला लागली. टाळ्या. वकील म्हणाले, वा. तुळशीराम मिस्त्रीनं छाती पुढं काढून नमस्कार केला. मलाही क्षणभर वाटलं, चुकले असेन. चुकले असते तर त्या दिवशी बरंच झालं असतं, असंही वाटलं, आणि नाहीही वाटलं.

काकाची शेवटची कल्पना म्हणजे मशीनच्या पहिल्या डाळीचंच वरण पंगतीला. आमच्याकडे असल्या पंगतीला रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले गव्हाचे रोडगे झटकून, फोडून, त्याच्यावर वरण ओतून कालवायचं. माझ्या आईच्या रोडग्यांचं नाव जठारपेठेच्या बाहेरही होतं. लोक लग्नाची तारीख तिला विचारून ठरवायचे, ती मोकळी आहे का म्हणून. पंगत बसली. वाढायला मी होते, ते चालत होतं, वाढणारी पोरगी कोणाला दिसत नाही. काका मागून येऊन कानाशी म्हणाला, "पाहुण्याईले खालून वाढ वं. घट्ट घट्ट." आता आपल्याकडची रीतच ती. वरचं पातळ वरण घरच्यांना, पातेल्याच्या तळचं घट्ट पाहुण्याला. मी पळी तळाशी घातली, गफूरशेठच्या ताटात घातली, हेडमास्तरांच्या घातली, वकिलांच्या घातली. मानाप्रमाणे.

पहिला घास गेला आणि पंगतीतून आवाज आला. कचकच. आधी एका ताटावर, मग दुसऱ्या. रोलचा लेप झडून डाळीत उतरला होता; डाळ धुताना वरचा हलका भुगा वाहून गेला होता, पण एमरी जड. ती तळाला बसली होती, आणि तळ मी मानकऱ्यांना वाढला होता. पण पाहुणे वऱ्हाडातले. यजमानाच्या घरी घास थुंकेल कोण? हेडमास्तर डोळे मिटून चावत होते, वर्गात कोणी चुकीचं उत्तर दिलं की मिटायचे तसे. एक वकील पाणीच पीत होते. भटजींनी हळूच कवळी काढून उपरण्यात घेतली आणि तशीच जेवले. शेवटी हेडमास्तर म्हणाले, "मास्तराच्या दाताले खडा लागला वाटते."

काका तयारच होता. मोठ्यानं हसला आणि म्हणाला, "खडा नाई, गुरुजी! रोडग्याची राख असन. बायाईनं झटकले नाईत धड."

वाढणाऱ्या आईच्या हातातली परात मी घेतली नसती तर पडली असती, की फेकली गेली असती, ते सांगता येत नाही. तिनं पदर खोचला. ती पुरुषांच्या पंगतीत कधी बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली, आणि लेथ बंद असूनही एकेक शब्द तोडून.

"राख मऊ लागते, भाऊजी. राख कचकचत नाई. माह्या रोडग्याले नाव ठेवू नोका. हे तुमची मशीन हाय. रोल ओला होता. माह्या पोट्टीनं थो भरला, पोट्टीनं सांगतलं, दहा दिवस थांबा म्हनून. चिठ्ठी दाखवली तुमाले. तुमी उन्हात ठेवला."

कितीतरी वर्षं मी लोकांना सांगत आले की त्या दिवशी आईनं भर पंगतीत माझी बाजू घेतली. आता वय झालं तसं खरं सांगते, तिनं रोडग्यांची घेतली. मी त्यांच्यासोबत आले, इतकंच.

काका म्हणाला, "वहिनी, काय बोलून राहिल्या तुमी! रोल मिस्त्रीनं भरला." आणि सगळे मिस्त्रीकडे वळले. तुळशीराम मिस्त्री इतके दिवस रोलवाला होता. त्या कचकचीनं त्याला तात्काळ प्रामाणिक केलं. "म्या नाई बाप्पा," तो म्हणाला, "हे बाई भरते. म्या पाहातो फक्त."

गफूरशेठ उठले, हात धुतला, आणि थेट शेडात गेले. आम्ही मागोमाग. त्यांनी रोलवर बोट घासलं, काळं झालेलं बोट काकासमोर धरलं. "कितने दिन सुखाया?"

"शेठ, पंचांगाप्रमाणे आजचा..."

"अरे भाई, रोल पंचांग पढता है क्या?"

मग माझ्याकडे वळले. मी दाराशी, अंगावर वरणाचे शिंतोडे. "बेटी, तूने भरा?"

मिस्त्रीनं भरला म्हणायची ती शेवटची संधी होती. रोल खराब निघाला होता, आणि खराब रोल आपला म्हणून सांगायची कोणाला हौस असते? आत्याचा शिवणक्लास एका हो-नाहीवर आला होता. मी म्हटलं, "हो. भरला मीच. उन्हात मी नाई ठेवला."

ते खाली वाकले आणि जिथला लेप अजून शाबूत होता तिथून बोट सावकाश फिरवलं, दादांनी फिरवलं होतं तसंच, डोळे मिटून. "जोड नाही," म्हणाले. मग दादांना, काकाला नव्हे: "दुसरा रोल भरा. याच पोरीच्या हातानं. अन् मशीन कधी सुरू कराची, थे हेच सांगन. मी भटजीले विचारनार नाई, तुमाले विचारनार नाई. कबूल असन तं बोला." जाताना आईला म्हणाले, "भाभी, रोडगे एक नंबर."

अमरावतीला आत्याला पत्र गेलं की यंदा जमत नाही. ते पत्र काकानंच लिहिलं, सविनय.

अथर्वच्या कारखान्यात आता रोल भट्टीत भाजतात, भट्टीला घड्याळ आहे, घड्याळ फोनला जोडलेलं. त्याच्या मशीनला कॅमेरे आहेत. एका तुरीच्या दाण्याचे ती इतके फोटो काढते की माझ्या लग्नात सगळ्यांचे मिळून तेवढे निघाले नव्हते. काळा दाणा दिसला की हवेची फुंकर मारून उडवते. मी ती तासभर पाहत बसले, खोटं कशाला बोलू, मला फार आवडली. पण दिवाळीआधी त्याचे पैसे लावणारे मुंबईहून आले आणि लाँचची तारीख सांगून गेले. अथर्वची एक इंजिनियर, चष्मेवाली पोरगी, म्हणत होती अजून तीन आठवडे टेस्टिंग पाहिजे. तो तिला म्हणाला, तारीख फिक्स आहे. भटजी बदलले, एवढाच काय तो फरक. मी अथर्वला काही बोलले नाही. त्या पोरीला जेवायला बोलावलं.

तर दुसरा रोल. जुना लेप छिन्नीनं खरवडून काढायला आणि नवी भुकटी यायला पंधरा दिवस गेले. मग मी तो भरला, भर दिवसा, शेडाचं पुढचं दार सताड उघडं ठेवून. येणारे-जाणारे उभे राहून पाहायचे. मिस्त्री गारा कालवून द्यायचा आणि माझ्या कपाळावरचा घाम आपल्या दस्तीनं पुसायचा, डॉक्टरचा कंपाउंडर असतो तसा. रोल सावलीत ठेवला, त्याच्यावर कोरडं पोतं, आणि कोणी हात लावायचा नाही. काका रोज एक चक्कर मारायचा. विचारायचा नाही. नुसता खाकरायचा.

दहाव्या दिवशी सकाळी मी टिचकी मारली. खण्ण. देवळातल्या लहान घंटेसारखा स्वच्छ आवाज. काका दारातच उभा होता, टोपी हातात घेऊन. त्याला आवाज ऐकू गेला की नाही कोण जाणे. मशीनचे आवाज त्याला कधी कळले नाहीत.

"झालं का वं?"

"नाई," मी म्हटलं. "अजून दोन दिवस."

"दोन दिवसानं तं अमावास्या येते, माय!"

"येऊ द्या."

काकानं दादांकडे पाहिलं. दादा लेथवर होते, पाठ आमच्याकडे. माझ्याआधी, उजाडताच, त्यांनी त्या रोलला टिचकी मारली होती. मी अंथरुणातून ऐकली होती ती खण्ण. त्यांनी पट्ट्यावरचा हात काढला नाही, मानही वळवली नाही.

"सांगतलं ना तिनं," दादा म्हणाले, "दोन दिवस."